फुप्फुसांवरचे व्रण आणि विषाणू

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात फुप्फुसे घट्ट करत नेणाऱ्या पल्मनरी फायब्रोसिसची कारणे म्हणून सिगारेट आणि खाणीची धूळ एवढीच दिली आहेत. गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीत राहणाऱ्याला धुळीचे महत्त्व सांगायला नको. पण हे चित्र अपुरे आहे. ‘कारण अज्ञात’ अशी नोंद होणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांत एपस्टाईन-बारसारखे नागीण कुळातले विषाणू निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. विषाणू वायुकोशांच्या अस्तराला पुन्हा पुन्हा इजा करतो आणि ती भरताना व्रण साठत जातो, असा तर्क आहे. वय, आनुवंशिकता, धूर यांचीही साथ लागत असावी. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, तरी विषाणूची शक्यता वगळणे योग्य नाही. गंभीर कोविडनंतर फुप्फुसांवर राहिलेले व्रण तर आपण पाहिलेच.

हाच आजार झालेल्या माझ्या वडिलांनी आयुष्यात विडी ओढली नाही. त्यांचा कोरडा खोकला दोन वर्षे ‘पावसाळी’ म्हणून गेला. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब ही औषधे आजाराची गती कमी करतात, गेलेले फुप्फुस परत आणत नाहीत. म्हणून न ओढणाऱ्याचाही लांबलेला खोकला आणि चढणीवरची धाप वेळीच तपासली जावी, हे लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, डिचोली