‘सर्व्हर डाऊन’ची चिठ्ठी लावण्याआधी स्विचकडे बघा

महोदय,

नागपुरातल्या कुठल्याही कार्यालयात काम अडले की खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ अशी चिठ्ठी लागते आणि उन्हातान्हात आलेला माणूस मुकाट्याने परत फिरतो. मी नेटवर्क केबलिंगची आणि देखभालीची कामे करते, म्हणून सांगते: बरेचदा सर्व्हर ठणठणीत असतो. दुखणे असते जिन्याखालच्या धुळकट पेटीतल्या स्विचचे, म्हणजे कार्यालयातले संगणक केबलने एकमेकांना जोडणाऱ्या डब्याचे.

परवा सदरमधल्या एका कार्यालयात हेच पाहिले. स्विचच्या सगळ्या पोर्टचे (केबल खुपसायच्या खाचांचे) दिवे एकाच वेळी, न थांबता फडफडत होते. असे दिसले की आमच्या धंद्यात पुढचे विचारावे लागत नाही, कुठेतरी लूप, म्हणजे केबलचा बंद फेरा, झालेला असतो. टेबल सरकवताना केबलचे एक टोक लोंबकळत होते, ते कुणीतरी भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटात खुपसले. दुसरे टोक शेजारच्या सॉकेटात आधीच होते. टोक उपसले आणि दिवे ताळ्यावर आले. चिठ्ठी मात्र संध्याकाळपर्यंत तशीच.

एवढ्याने अख्खे कार्यालय का बसते? साधा स्विच आयपी पत्ता बघतच नाही. संगणक माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांत पाठवतात. फ्रेमवर ४८ बिटांचे दोन मॅक पत्ते (पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राचे क्रमांक) असतात, त्यावरच त्याचा कारभार. फ्रेम आली की पाठवणाऱ्याचा पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला, हे तो आपल्या तक्त्यात टिपतो. मग ज्याला पाठवायची त्याचा पत्ता त्याच तक्त्यात शोधतो. सापडला तर फक्त त्या पोर्टने रवानगी. नाही सापडला तर आलेला पोर्ट सोडून सगळीकडे. एखादे यंत्र गप्प राहिले की त्याची नोंद, बहुतेक स्विचमध्ये, ३०० सेकंदांनी पुसली जाते. ब्रॉडकास्ट फ्रेम तर सर्वांसाठीच असते, ती कायम सगळीकडे जाते. लूप झाला की हीच फ्रेम एका पोर्टने बाहेर पडून दुसऱ्याने आत येते आणि पुन्हा सगळीकडे सुटते. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनंतर टाकून द्यायचे याचा आकडा, असतो, त्यामुळे ते कधीतरी मरते. केबलवरच्या इथरनेट फ्रेमला तसली मर्यादाच नाही, म्हणून ती फिरतच राहते आणि कामाच्या फ्रेमना वाट उरत नाही. त्यात एकच संगणक घटकेत या पोर्टवर, घटकेत त्या पोर्टवर दिसू लागतो आणि तक्त्याचाही बोजवारा उडतो.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच काढून ठेवला आहे. स्पॅनिंग ट्री नावाच्या या पद्धतीत स्विच आपसांत निरोप पाठवतात आणि फेरा पुरा करणारा पोर्ट आपणहून अडवून ठेवतात. स्वस्तातल्या अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) स्विचमध्ये बहुधा ही सोय नसते. आपल्याकडे निविदेत ‘२४ पोर्ट’ एवढेच लिहितात आणि सर्वांत कमी दराचा माल येतो. कुठे मॅनेज्ड स्विच असलाच, तर ते सेटिंग बंद! दुरुस्तीचे बिल वेगळे निघत असल्यावर ठेकेदाराला काय घाई?

तेव्हा स्पॅनिंग ट्री चालू करून दाखवल्याशिवाय बिल मंजूर करू नये आणि भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटवर नंबर असावा, एवढे तरी कार्यालयांनी करावे. आणि चिठ्ठी लावायचीच असेल तर ‘नेटवर्क बंद आहे, अमुक वाजता विचारा’ अशी लावावी. कामठीहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसून राहायचे की बस पकडायची, हे तरी ठरवता येईल.

— केबलिंगचे काम करणारी एक वाचक, महाल, नागपूर