ती लेन्स भंगारात देऊ नकोस

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. काकांचा प्रेस आवरायला काढलाय आणि डार्करूममधला प्रोसेस कॅमेरा, म्हणजे छपाईसाठी चित्रांच्या निगेटिव्ह काढायचा तो मोठा कॅमेरा, भंगारवाला किलोवर उचलणार, हे वाचून रात्री झोप लागेना. लोखंड जाऊ दे, पण लेन्स देऊ नकोस. तेवढं सांगायलाच लगेच लिहायला बसलो.

तू म्हणतोस, ती कॉपी करायची लेन्स, तिला डोंगर काय दिसणार! मलाही तसंच वाटायचं. पण चार रंगांच्या चार निगेटिव्ह एकमेकींवर तंतोतंत बसाव्यात म्हणून ही भिंगं घडवलेली. रेघ कडेपर्यंत सरळ राहते, रंग फाटत नाहीत. मूळ मापाच्या कॉपीला ती सर्वांत चांगली हे खरं, पण तिचं उजेडाचं भोक बारीक करून एफ/२२ ला आणलीस की लांबचंही चोख टिपते. माझी अशीच प्रोसेस कॅमेऱ्याची ३०० मिलिमीटरची एफ/९ अ‍ॅपो-रोनार लेन्स आहे. लांबचं काढताना तिच्या प्रतिमेचं वर्तुळ साधारण २६ सेंटिमीटर भरतं आणि चार बाय पाच इंची फिल्मच्या शीटचा कर्ण जेमतेम १६, म्हणजे शीट सहज झाकली जाते. परवा सूर्योदयाआधी पन्हाळ्याचा तट काढला. निगेटिव्हवर भिंग धरलं तर दगडांच्या सांध्यातलं गवत काडी-काडी वेगळं दिसतं.

आता नीट वाच. लेन्स फिरवून काढलीस की कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटीवर एक पितळी आट्यांची रिंग उरेल. तिचे स्क्रू सोडवून तीही घे. मी माझी तिथंच विसरलो आणि उद्यमनगरात लेथवर नवी करून घेताना दोन रिंगा वाया गेल्या, कारण त्या आट्या आपल्याकडच्या नेहमीच्या मापात बसत नाहीत. शिवाय बॅरलवर एक चीर असेल, तर ती काळ्या टेपनं बंद कर. माझ्या पहिल्या चार शीट त्या फटीतून शिरलेल्या उजेडानं धुरकटल्या. तट होता, पण धुक्यात बुडाल्यासारखा.

शटर नाही म्हणून घाबरू नकोस. टोपी काढायची, मोजायचं, लावायची. एफपी४ या फिल्मवर उजेड मोजायच्या मीटरनं ४ सेकंद सांगितले तर मी ६ देतो, लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. भर उन्हात मात्र हात पुरत नाही, उजेड कमी करणारा गडद एनडी फिल्टर लागतोच.

तुझ्या कॅमेऱ्याचे बेलोज, म्हणजे भिंग आणि फिल्ममधला घड्यांचा भाता, किती ताणतात ते मोजून कळव. ३०० ची असेल तर दीड मीटरवरच्या माणसासाठी भिंगापासून फिल्मपर्यंत साडेसदतीस सेंटिमीटर लागतात. कमी पडले तर पुढं बसवायला सागवानी खोका करून देतो. एक्स्पोजरही दोन तृतीयांश स्टॉप, म्हणजे साधारण दीडपट, वाढवावं लागेल. हे दीड मीटरचं गणित मी काकांसाठीच मांडलंय. त्यांनी आयुष्यभर ज्या लेन्समागं उभं राहून काम केलं, तिच्यासमोर एकदा त्यांना बसवायचं आहे.

भिंगं उघडू नकोस, मलमलीत गुंडाळून रिंगेसकट एकाच पिशवीत ठेव. आणि काकांना विचार, उजेड कमीजास्त करायला त्या चिरेत सरकवायच्या, मध्ये भोक असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कुठल्या डब्यात आहेत. हाफटोनसाठी, म्हणजे फोटो ठिपक्यांत छापायच्या कामासाठी, चौकोनी भोकाच्याही असत. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो, तोवर भंगारवाल्याला थांबव.

काकांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
अनिल