टार्गेट खाली येते, अधिकार येत नाहीत

महोदय,

बँक कर्मचाऱ्यांच्या असमाधानाची चर्चा बहुधा पगारवाढ आणि पाच दिवसांचा आठवडा या दोन मागण्यांभोवतीच फिरते. मागण्या रास्त आहेत. परंतु तीसहून अधिक वर्षे शाखांमध्ये काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, माणसाचे कामावरून मन उडते ते निराळ्याच कारणांनी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडले की, पगार, नियम आणि देखरेख सदोष असेल तर असंतोष वाढतो, पण ते सुधारल्याने समाधान मिळतेच असे नाही. ते मिळते काम तडीस नेल्याच्या जाणिवेतून, त्याची दखल घेतली जाण्यातून आणि जबाबदारी सोपवली जाण्यातून. माणसे यशाचे श्रेय स्वतःकडे आणि दोष परिस्थितीकडे ढकलतात, हा या मांडणीवरचा आक्षेप मलाही पटतो. शाखेला अधिक लागू पडते ते कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांचे १९७९ मधील प्रतिपादन : कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा थोडी, अशी स्थिती असली की मनावरचा ताण सर्वाधिक असतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखाधिकारी शेतकऱ्याचे शिवार आणि त्याची पत पाहून लहान कर्ज स्वतः मंजूर करत असे. निवृत्तीच्या सुमारास आमच्याकडे तो निर्णय दूरच्या कार्यालयात गेला होता आणि शाखेकडे उरले होते विमा पॉलिसींचे टार्गेट. संध्याकाळच्या व्हिडिओ बैठकीत सर्वांदेखत आकडे विचारले जात. अडचण सांगणे म्हणजे सबब सांगणे ठरे. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या खातेदाराच्या गळ्यात पॉलिसी मारल्यावर एक तरुण अधिकारी मला म्हणाला, ‘साहेब, त्यांच्या नजरेला नजर देता येत नाही हो.’ त्याचा पगार माझ्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट होता.

अशा शाखेत वाढदिवसाचा केक कापून आणि समाधानाच्या ऑनलाइन प्रश्नावल्या भरून घेऊन (त्याही वरिष्ठांच्या नजरेखाली!) काय साधणार? त्यापेक्षा विमाविक्रीचे आकडे अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनातून वगळावेत आणि लहान कर्जांच्या मंजुरीचा अधिकार, त्याच्या जबाबदारीसह, शाखेकडे परत द्यावा.

– एक निवृत्त शाखाधिकारी, सातारा