अपडेटनंतर कॉल कट होतोय, विचारायचं कुणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझे वडील गुहागर तालुक्यात गावी एकटे राहतात, वय 76, मी नोकरीमुळे पुण्यात. रोज रात्री साडेआठला आमचा फोन असतो, बीपी किती आलं, गोळ्या घेतल्या का, एवढंच, पण ते बोलणं झाल्याशिवाय मला झोप लागत नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या फोनवर अपडेट आलं, समोर आलं म्हणून त्यांनी ओके दाबलं आणि दुसऱ्या दिवसापासून मिनिटभरात कॉल कट व्हायला लागला. एकदा तर "छातीत जरा" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद. परत लागायला दहा मिनिटं गेली, साधी जळजळ होती, पण ती दहा मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत.

सिमवाल्यांना फोन केला तर टॉवर ठीक आहे, हँडसेट दाखवा. हँडसेटवाले म्हणाले नेटवर्कला विचारा, आणि मग सरळ फॅक्टरी रिसेट करा म्हणे. त्या फोनमध्ये आईचे जुने व्हॉइस मेसेज आहेत हो, असं कसं सगळं पुसून टाकायचं?

शेवटी शनिवारी गाडी पकडून गावी गेलो. त्यांचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, कॉल नीट चालला. माझं सिम त्यांच्या फोनमध्ये टाकलं तर कट, म्हणजे सिम आणि टॉवर दोन्ही सुटले. मग लक्षात आलं की ओटीवर बसून बोलले तर कट होत नाही, बोलत बोलत अंगणात गेले की होतो. राउटर माजघरात आहे आणि अपडेटनंतर वायफाय कॉलिंग चालू झालेलं, आधी ते बंद होतं. म्हणजे कॉल घरच्या वायफायवरून जात होता, अंगणात वायफायची रेंज संपली की तो टॉवरच्या फोरजीवर जायला हवा, पण आमच्याकडे फोरजीची रेंज कधी एक दांडी कधी शून्य, त्यामुळे मधेच तुटायचा. सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंगचं ते एक बटण बंद केलं, कॉल सुरुवातीपासूनच टॉवरच्या साध्या नेटवर्कवरून जायला लागला, त्यानंतर एकही कॉल कट नाही.

सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही. व्होल्टी (फोरजीवरून कॉल करायची सोय) बंद झालंय का, नेटवर्क मोड (टूजी, फोरजी यातलं काय वापरायचं ते) बदललाय का हेही बघावं. नवीन स्क्रीनगार्डमुळे फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद करणारा सेन्सर नीट चालत नसेल तर बोलताना गालानेच फोन कट होऊ शकतो. तरी नाहीच जमलं तर नेटवर्क सेटिंग रिसेट करावं, त्यात वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, फोटो आणि मेसेज राहतात. फॅक्टरी रिसेट आणि यातला हा फरक मला एकाही कॉल सेंटरने सांगितला नाही आणि राग त्याचाच आहे. "वायफाय बंद करून एकदा कॉल करून बघा" हे वाक्य त्यांनी पहिल्याच फोनला सांगितलं असतं तर माझा आठवडा वाचला असता.

अपडेट करू नका असं मी म्हणत नाही, सिक्युरिटीसाठी ते लागतंच. पण कॉलिंगची सेटिंग बदलणार असेल तर ओके दाबायच्या आधी ते स्क्रीनवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा. आणि सिम कंपनीने हात झटकले तर वाचकांनी तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, त्याच नंबरवर पुढे कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं.

निघताना वडिलांना सांगून आलोय की पुढचं अपडेट आलं की आधी मला फोन करा, मग ओके दाबा.

एक वाचक, पुणे