अपोलो काग्वा : जमीन वाटणारा इतिहासकार

प्रिय सुन्या,

तू विचारलं होतंस ना, इतिहास लिहिणारा स्वतःच सत्तेत बसलेला असेल तर त्याचं किती खरं धरायचं? सध्या मी युगांडातल्या अपोलो काग्वाच्या नादी लागलोय. हा बुगांडा राज्याचा कातिकिरो, म्हणजे दिवाण, आणि तोही १८८९ ते १९२६, थोडीथोडकी नाही, जवळजवळ ३७ वर्षं!

सुरुवात राजवाड्यातला हुजऱ्या म्हणून. १८८६ ला राजा म्वांगाने ख्रिश्चन झालेली पोरं जिवंत जाळली, त्यात हाही जायचा, पण मार खाऊन सुटला. मग धर्मावरून लढाया, १८९२ ला लुगार्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या मॅक्झिम गनच्या (म्हणजे मशीनगनच्या) जोरावर प्रोटेस्टंट वरचढ, आणि त्यांचा पुढारी कोण तर हाच. १८९७ ला म्वांगाने इंग्रजांविरुद्ध बंड केलं तर त्याला काढून त्याच्या एक वर्षाच्या पोराला, दाउदी च्वाला गादीवर बसवलं नि काग्वा तीन रीजंटपैकी, म्हणजे राजा लहान असताना कारभार बघणाऱ्यांपैकी, एक झाला. म्हणजे कारभार सगळा याच्याच हातात, समजलं ना.

आणि एवढ्या सगळ्या धामधुमीत हा माणूस म्हाताऱ्या लोकांना बसवून जुन्या गोष्टी विचारत होता! १९०१ ला लुगांडात, म्हणजे तिथल्या भाषेत, राजांचा इतिहास छापला, नंतर चालीरीतींवर, कुळींवर पुस्तकं. तिकडे प्रत्येक कुळीचा एक प्राणी नाहीतर वनस्पती, आपल्या देवकासारखं, ती खायची नाही, आणि याची स्वतःची कुळी नाकतोड्याची. जॉन रॉस्को नावाच्या मिशनऱ्याने बागांडांवर, म्हणजे बुगांडाच्या लोकांवर, जे गाजलेलं काम केलं त्याला माहिती देणारी माणसं जमवून देणारा पण काग्वाच.

पण खरी गोम पुढे आहे. १९०० च्या कराराने निम्मं राज्य इंग्रज सरकारकडे गेलं आणि ८००० चौरस मैल हजारेक सरदार नि खासगी मालकांना द्यायचं ठरलं, वाटप करणाऱ्या सभेत काग्वाचा शब्द शेवटचा. त्यात कुळींच्या वाडवडिलांच्या थडग्यांच्या जमिनी भलत्याच सरदारांच्या नावावर गेल्या. १९२० नंतर कुळीप्रमुख, ज्यांना बाताका म्हणतात, ते उठले की आमच्या जमिनी परत द्या. आता बघ, कुठली कुळी कुठली, तिचं मूळ ठाणं कुठलं हे लिहून ठेवणारा हाच, आणि तीच ठाणी हातची घालवणारा पण हाच!! मला तो लबाड नाही वाटत, कष्ट खरे होते त्याचे. पण म्वांगाबद्दल तो लिहितो तेव्हा मी जपूनच वाचतो, हरलेल्या राजाची बाजू मांडायला काग्वाच्या दरबारात होतं कोण?

शेवट मात्र वाईट. इंग्रजांनी ‘सर’ हा किताब दिलेला हा माणूस, पण पोस्टलथवेट नावाच्या अधिकाऱ्याशी बिअरच्या परवान्यांवरून वाजलं आणि १९२६ ला राजीनामा द्यावा लागला, पुढच्याच वर्षी गेला.

चालीरीतींच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९३४ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीने काढलंय, पीडीएफ मिळाली की पाठवतो. कुळींचा भाग आधी वाच आणि भांडायचं असेल तर सरळ फोन कर.

तुझा,
विन्या