चाचा, तुम्ही सायकलला मोटर बसवायला नाही म्हणलात त्याबद्दल

सलाम चाचा,

हे तुम्ही स्वतः वाचणार नाहीत, माहितीय मला. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवील आणि तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून "हौ हौ, पुढं" म्हणाल. तरी लिहायलो, कारण तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही हातात पंप देता आणि म्हणता त्या पोराच्या चाकात हवा भर.

बाकीच्यांना थोडं मागचं सांगतो. मी खुलताबादचा, काम दौलताबादला, मधी घाट. उंची सहा फूट दोन इंच, २६ च्या सायकलवर बसलो की गुडघे हँडलला लागतेत, दोस्त म्हणतेत सर्कशीतलं अस्वल आलं. तर वेरूळच्या एका लॉजवर कोणी परदेशी पाहुणा क्रूझर सायकल सोडून गेला होता, २९ ची चाकं, जाडजूड टायर, बैलाच्या शिंगावानी रुंद हँडल, फ्रेम लोखंडी. चार हजारात घेतली. सकाळी घाट उतरताना राजा असल्यावानी वाटायचं आणि संध्याकाळी चढताना निम्मा रस्ता हातात धरून चालत. म्हणून मोटरचं खूळ.

आधी पेट्रोलचं छोटं इंजिन लावायचं ठरवलं होतं, पण २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की ती सायकल राहतच नाही, मोटारगाडी बनती, म्हणजे नोंदणी, लायसन, इन्शुरन्स, आणि घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी कोण करून देणार. मग ऑनलाइन १००० वॅटचं इलेक्ट्रिक किट बघितलं. विकणाऱ्याचा व्हिडिओ एकदम सोपा, मागचं चाक काढा, मोटरचं चाक लावा, झालं. मी किटचा फोटो घेऊन संभाजीनगरात शहागंजच्या बाजूला तुमच्याकडं आलो आणि मोठ्या तोऱ्यात विचारलं किती घेता बसवायचे.

तुम्ही फोटो बघितलाच नाही. सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं, पायडल उलटं दाबलं, चाक जागेवर थांबलं. चाकाच्या मधल्या गड्ड्याला, म्हणजे हबला, बोट लावलं आणि म्हणलात, "ह्याचा ब्रेक हबमधी हाय. हब काढला की ब्रेक बी गेला. मग घाटात काय, चप्पल घासणार का?"

चाचा, खरं सांगतो, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पंधरा दिवस वॅट न् व्होल्ट वाचत होतो आणि ब्रेक कुठं बसलाय हे बघितलंच नाही. पुढचा ब्रेक होता पण तो साधा कॅलिपर, म्हणजे रिम दोन्ही बाजूनं दाबणारा चिमटा, जाड टायर ओलांडून खाली यायचा म्हणून त्याचे हात एवढे लांब की लिव्हर दाबलं की तेच वाकायचे. वरून स्टीलची चमकदार रिम. दूधवाल्यांच्या काळ्या २८ च्या सायकली न् त्यांचे दांडीचे ब्रेक तुम्ही जन्मभर दुरुस्त केलेत, म्हणून तुम्हाला सांगायला लागलंच नाही, ओल्या स्टीलवर रबर नुसतं घसरतं.

१००० वॅटला तर सरळ "नक्को". मला राग आला होता तेव्हा. नंतर नियम वाचला तर सायकल म्हणून चालवायची असेल तर मोटर २५० वॅटच्या आत पाहिजे न् ताशी २५ किलोमीटरला तिचा जोर बंद झाला पाहिजे, आणि त्याच नियमात योग्य ब्रेक न् पुढं पांढरा मागं लाल रिफ्लेक्टर हेही लिहिलंय. तुम्ही नियम वाचला नसेल, पण बोललात तेच. आणि २५ सुद्धा कमी नाही. मी वहीवर मांडून बघितलं, १५ च्या स्पीडला सायकल थांबवायला ब्रेकला जेवढं काम करावं लागतं त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट २५ ला लागतं. नुसतं दीडपट नाही, पावणेतीन!

मग तुमचं ते जात्याचं. मी म्हणलं डिस्क ब्रेक लावू, म्हणजे हबला बसणारी लोखंडी चकती, १६० मिलिमीटरची बाजारात सगळीकडं मिळती. तुम्ही विचारलं, तुझ्या आईच्या जात्याचा खुंटा कुठं असतो. म्हणलं कडंला. "मधी लावला तर फिरंल का?" एवढंच बोलून तुम्ही चहा प्यायला गेलात न् मी तिथंच बसून डोकं खाजवत. चाक मोठं झालं की डिस्क त्याच्या मानानं मधीच येती, पकड कमी पडती. हिशोब केला तर २६ च्या चाकाला १६० ची डिस्क जेवढी धरती तेवढंच २९ ला धरायला १८० लागती, जवळपास बरोबर. मोटरचं पण तेच, २६ साठी वाइंडिंग केलेली मोटर २९ ला लावली की स्पीड वाढतो पण चढाला ओढ कमी पडती, म्हणून मोठ्या चाकाला कमी आरपीएमची, म्हणजे मिनिटाला कमी फेरे घेणारी मोटर बघून घ्यायची. हे मला किट विकणाऱ्यानं नाही, जात्यानं शिकवलं.

आणि तो फोर्क, पुढचं चाक धरणारा चिमटा! मी म्हणलं जुन्या फोर्कला डिस्कची पट्टी वेल्डिंग करून टाका, ३०० रुपयात काम. तुम्ही तोंड फिरवलं. नंतर समजवून सांगितलं की साध्या फोर्कची नळी बारीक, डिस्क एकाच पायाला खाली पिळते, आणि वेल्डच्या शेजारी नळी तुटली तर तू तोंडावर पडणार न् लोक माझं नाव घेणार. म्हणून डिस्कवाला लोखंडी फोर्क शोधायला १९ दिवस. दोन आले, दोन्हीच्या दांड्याचं माप जमलं नाही, परत पाठवले. घरात बायको विचारायची सायकल कुठंय, म्हणायचो दवाखान्यात.

शेवटी जे केलं ते असं की मोटर मागं नाही, पुढं. म्हणजे मागचा उलट्या पायडलचा ब्रेक जिवंत राहिला आणि पुढं १८० ची डिस्क. ३६ स्पोक तुम्ही एकेक हातानं ओवले, चाकाचा आऊट काढून ते सरळ फिरतं केलं. मोटर चाकाला पुढं ढकलती तेवढाच तिचा आस उलटा फिरायला बघतो, म्हणून दोन्ही बाजूला टॉर्क आर्म, आस धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. डिस्कचा कॅलिपर मोटरच्या झाकणाला घासेल अशी भीती होती, १८० मुळं तो वर सरकला न् ती पण मिटली. वायरिंग शेजारच्या मोबाईलवाल्या पोरानं केलं, ब्रेकच्या लिव्हरला हात लागला की मोटर बंद. पण उलट्या पायडलला असलं काही बटण नाही, म्हणून थ्रॉटल, म्हणजे हातानं मोटर पळवायचा कान, ठेवायचाच नाही, पायडल फिरवलं तरच मोटर, हा निर्णय तुमचाच.

नंतर मी कुठंतरी वाचलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७६ मधी पोरं असल्याच जुन्या क्रूझर डोंगरावरून खाली पळवायची, रिपॅक म्हणून शर्यत. खाली येईपर्यंत मागच्या हबचं ग्रीस तापून धूर व्हायचा, दरवेळेस नवीन भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. तुम्ही तर हे न वाचताच म्हणला होतात की घाट पुढच्या ब्रेकवर उतरायचा, मागचा नुसता मदतीला, आणि चेन पडली की मागचा गेला हे डोक्यात ठेवायचं.

एक कबुली द्यायचीय. ईदगाहच्या मैदानावर तुम्ही माझ्याकडून वीस चक्कर मारून घेतले, स्पीड घ्यायचा, दाबायचं, पूर्ण थांबायच्या आधी सोडायचं, पॅड बसायला. चार दिवसांनी डिस्क किंचाळायला लागली न् मी शहाण्यानं तिच्यावर चेनचं तेल सोडलं. किंचाळणं बंद! ब्रेक पण बंद. नशीब की अंगणात कळलं, भिंतीला जाऊन टेकलो. तुम्हाला सांगितलं होतं की "पॅड लवकर झिजले". नाही चाचा, तेल होतं. मोबाईलवाल्याकडच्या आयपीएनं, म्हणजे मोबाईल साफ करायच्या अल्कोहोलनं, डिस्क पुसली न् नवे पॅड मीच आणले. आता चिडा.

श्रावणातल्या शनिवारी पहाटं आमच्या खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत येणाऱ्या लोकांनी घाट भरलेला असतो. मी उतरत होतो, रस्ता ओला, लाईट लावलेला. एक लहान पोरगं आईचा हात सोडून पळत आडवं आलं, त्याची चप्पल राहिली होती म्हणे. दोन बोटं लिव्हरवर, पाय उलटा. थांबलो. पोरगं चप्पल घेऊन गेलं, त्याच्या आईनं बघितलं सुद्धा नाही. मी मात्र कडेला सायकल लावून पाच मिनिटं कठड्यावर बसलो, हात थरथरायले होते.

त्या दिवशीच फोन करणार होतो, पण काय बोलावं कळंना.

मजुरीचे तुम्ही ३५० घेतलेत, त्यात निम्मे तर चहाचेच झाले असतील. वाद घालत नाही, पेरूची टोपली घेऊन येतो. आणि आसाचे नट आवळायला दिलेला १८-१९ चा पाना अजून माझ्याकडंच आहे, दर रविवारी वापरतो, आता स्वतःचा घेतलाय, तुमचा शनिवारी आणून देतो.

तुमचा,
अस्वल