वर्गात जाऊन बसलेल्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. नागपूरच्या इतवारीत लग्नाच्या शूटिंगचं काम करणारे आणि आमच्या परिपाठाच्या व्हिडिओसाठी धावून आलेले भाऊ, एवढी ओळख पुरे. पत्र उघड लिहितोय, कारण रोजच्या सूचना व्हिडिओवर द्यायची हौस आता बऱ्याच शाळांना आहे आणि ते गाडं नेमकं कुठे अडतं हे तुम्ही दाखवून दिलंत.

तुमच्या आधी जे आले होते त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय हे आभार पुरे होणार नाहीत. महागडा कॅमेरा, दोन मोठे दिवे, हिरवा पडदा आणि लांबलचक बिल. स्टुडिओच्या खोलीतल्या मॉनिटरवर चित्र झकास दिसलं, त्यांनी फोटो काढले आणि गेले. चोवीस वर्गांपैकी एकाही वर्गात त्यांनी पाऊल टाकलं नाही. वर्गात आवाज घुमायचा, सूचनेची शेवटची ओळ पडद्याबाहेर जायची, निम्म्या टीव्हींवर चित्र मध्येच गोठायचं. फोन केला की एकच उत्तर, "तुमचं इंटरनेट स्लो आहे."

तुम्ही आलात तेव्हा कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. "आधी पोरं काय ऐकून राहिली ते पाहू द्या ना," म्हणालात आणि थेट दुसरीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. त्या एवढ्याशा बाकावर, गुडघे जवळ घेऊन, पंखे पूर्ण वेगात फिरत असताना तुम्ही आमचं रोजच्या सूचनांचं व्हिडिओ बातमीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलंत. संपल्यावर शेजारच्या मुलीला विचारलंत, "काय सांगितलं गं आता?" ती म्हणाली, "नंदी आणायचा आहे." तान्ह्या पोळ्याला सजवलेला नंदी कोणत्या वारी, किती वाजता आणायचा आणि कुठे जमायचं, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिला न हसता तुम्ही तिचं उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून घेतलंत. भाऊ, तुमचे सगळ्यात मोठे उपकार ते. पुढची सगळी दुरुस्ती त्या एका ओळीतून निघाली.

आवाजापासून सुरुवात केलीत. भिंतीवरच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग घुमत घुमत मुलांपर्यंत येतो, आणि पंख्याच्या घरघरीत व्यंजनं विरून जातात. ‘सात’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. टीव्हीचा आवाज वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं. तुम्ही फळ्याच्या वर दोन लहान स्पीकर लावले, त्यांचं तोंड शेवटच्या बाकाकडे केलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत कॅमेऱ्यावरचा माईक बाजूला ठेवून वायरचा कॉलर माईक लावलात, हनुवटीपासून एक वीत खाली, ओढणीला किंवा टायला घासणार नाही असा. रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेच सांधत नाही. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतसुद्धा इथे कूलरशिवाय भागत नाही. म्हणून रेकॉर्डिंगपुरता तरी कूलर बंद आणि दार लावलेलं, हा नियमही तुमचाच.

त्या सततच्या ‘हूं’चं मूळही तुम्हीच शोधलंत. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवर आणि अँप्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असला की दोन अर्थिंगच्या मधल्या वाटेने 50 हर्ट्झचा गुंजारव आवाजाच्या तारेत शिरतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि ‘हूं’ थांबला, तर दोष तिथेच समजायचा. आधीच्या मंडळींनी यावर उपाय म्हणून चक्क अर्थिंगची पिन कापली होती. ज्या खोलीत मुलं तारांना हात लावतात त्या खोलीत! तुम्ही तो प्लग पाहून काही बोलला नाहीत, आधी बदलून टाकलात. मग दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घेतलीत आणि ऑडिओच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकलात, म्हणजे आवाज पुढे जातो पण दोन उपकरणांमधली विजेची थेट वाट तुटते.

अक्षरांचा हिशेब तर आम्ही आता सगळ्यांना सांगत असतो. दर 10 फुटांना 1 इंच उंचीचं अक्षर. आमचा वर्ग 25 फूट लांब, म्हणजे अक्षर अडीच इंच हवं. 55 इंची टीव्हीच्या चित्राची उंची साधारण 27 इंच, म्हणजे 1080 पिक्सेलच्या चित्रात एक अक्षर जवळजवळ 100 पिक्सेलचं होतं. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार मोकळे राहावेत एवढी जागा सोडली की पडद्यावरच्या सूचनेच्या एका पाटीवर चारच ओळी मावतात. आधीच्या पाट्यांवर अकरा ओळी असायच्या! शिवाय काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून चारही बाजूंनी 5 टक्के जागा रिकामी ठेवायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ (कडा न कापता पूर्ण चित्र दाखवणारी सोय) असेल तर ते चालू करायचं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख निदान दहा सेकंद पडद्यावर राहिली पाहिजे, हा आग्रह तुमचा. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांना त्या पाटीचा केवढा आधार होतो ते आम्ही रोज बघतो.

इंटरनेटला मात्र उगाच दोष दिला जात होता. चोवीस टीव्ही एकाच वेळी बाहेरून थेट प्रक्षेपण ओढत होते. प्रत्येकी 4 एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) धरले तरी 96 होतात, आणि शाळेची लाईन 100 ची. त्यात ऑफिसने एखादा फॉर्म भरायला घेतला की चित्र गोठणारच. तुम्ही विचारलंत, "सर, हे लाइव्ह कशाला पाहिजे?" या साध्या प्रश्नाला कुणाकडेही उत्तर नव्हतं. आता आदल्या दुपारी रेकॉर्डिंग होतं. पाच मिनिटांची एमपी-4 फाइल जेमतेम 150 एमबीची होते. ती शाळेतल्या शाळेत नेटवर्कवरून प्रत्येक वर्गाच्या संगणकावर आधीच जाऊन बसते आणि परिपाठाला तिथल्या तिथे चालते, नेट असो वा नसो. पाऊस फार म्हणून शाळा लवकर सोडायची असेल तर जुना लाउडस्पीकर आहेच.

दिव्याच्या पट्ट्यांचं कोडं तुम्ही एका मिनिटात सोडवलंत. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमवर आणि शटर 1/60 सेकंदावर असलं की चित्रावर काळसर पट्टे सरकतात. 25 फ्रेम आणि 1/50 केलं आणि पट्टे गेले.

आणि ती बॅटरी! तीन वर्गांत बातमीपत्र भलत्याच वेळी सुरू व्हायचं. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद राहिला, वर्गातल्या संगणकांच्या मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी जुनी सीआर-2032 बॅटरी संपलेली, त्यामुळे संगणकाचं घड्याळ मागे गेलं होतं. सीताबर्डीवरून बॅटऱ्या आणून तुम्ही स्वतः बसवल्यात आणि त्याचे पैसे बिलात लावले नाहीत. आम्ही आठवण केली तर म्हणालात, "ते असू द्या, चहा पाजला ना."

भाऊ, हुशार माणसं या शहरात पुष्कळ आहेत. आपलं काम जिथे वापरलं जाणार तिथे स्वतः जाऊन बसणारी, आठ वर्षांच्या मुलीचं म्हणणं मुख्याध्यापकांच्या म्हणण्याइतकंच मनावर घेणारी माणसं थोडी असतात. तुम्ही कुणालाही कमी लेखलं नाहीत. आधीच्यांनासुद्धा नाही, त्यांच्याबद्दल इथे जे लिहिलं आहे ते आमचं आहे.

सातवीच्या मुलांना तुम्ही एका बैठकीत शिकवलंत: मिनिटाला शंभरेक शब्द, वाक्य संपल्यावर श्वास, तारीख दोनदा. मुलं अजून तसंच वाचतात. चेहरे दिसतात म्हणून पालकांचं संमतीपत्र घ्या आणि फाइल बाहेर कुठेही टाकू नका, ही सूचनाही तंतोतंत पाळली जाते.

शेवटी मावशींचा निरोप. वीज जाऊन आली की टीव्ही भलत्याच इनपुटवर उघडतो आणि मावशींना दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागायची. तुम्ही रिमोटच्या त्या बटणावर लाल टेप चिकटवलात, तोच लाल टेप एचडीएमआयच्या तारेवरही. आता चोवीसही वर्ग त्या एकट्या लावतात. त्यांनी सांगितलंय, पहिल्या मजल्यावरच्या दोन रिमोटवरचा टेप निघत आलाय, पण नवा त्यांनी आणून ठेवलाय, तुम्ही काळजी करू नका.

तुमचे,
परिपाठाचं काम पाहणारे शिक्षक, नागपूर